साबळे, शाहीर

साबळे, शाहीर : (३ सप्टेंबर १९२३ – २० मार्च २०१५). महाराष्ट्रातील लोकप्रिय शाहीर, लोकगायक व लोकनाट्यकार. संपूर्ण नाव कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या पसरणी या गावी, वारकरी कुटुंबात. शिक्षणासाठी ते खानदेशातील अमळनेर येथे नातेवाइकांकडे राहिले. सुरत–भुसावळ लोहमार्गावर नरडाणा व बेटावद या स्थानकांच्या पूर्वेस असलेल्या या गावात प्रताप मिलचा कामगारवर्ग आणि सखाराम महाराजांच्या संस्थानची वारकरी परंपरा यांचा शेजार होता. तेथेच त्यांचा साने गुरुजींशी संबंध आला. शालेय शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही. तथापि गाणे हे लोकजागृतीचे साधन आहे, ही त्यांची धारणा या सहवासात पक्की झाली, असे म्हणता येते. १९४२ च्या आंदोलनात व पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी शाहिरी केली.

त्यांच्या समकालीनांपैकी अमरशेख व अण्णाभाऊ साठे हे साम्यवादी पक्षाच्या कलापथकातून पुढे आले. साबळ्यांची शाहिरी अशी एका पक्षाच्या तत्त्वज्ञानावर उभी नव्हती. त्यामुळे तिला अमरशेखांची धग क्वचितच लाभली. परंतु श्रोतृवर्ग मात्र अधिक संमिश्र मिळाला.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताने त्यांचे नाव घरोघर पोहोचले. या गीताचे कवी राजा बढे (१९१२–७७) व संगीतकार श्रीनिवास खळे (१९२६–२०११) हे दोघेही मुख्यत्वे हळुवार भावगीतांसाठी ओळखले जातात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रचनेच्या दृष्टीने हा पोवाडा नव्हेच. त्यात प्रसंगकथन नाही, शाहिराने श्रोत्यांशी मध्येच साधलेला गद्य संवाद नाही. त्याला शाहिरी बाणा आला तो साबळ्यांच्या आवाजामुळे. वरच्या पट्टीतही न फाटणारा खडा स्वर, शब्दाच्या आघातावर दिलेली फेक आणि आलंकारिक हरकतींचा जवळजवळ संपूर्ण अभाव, या गुणांनी त्यांनी एका स्तुतिगीताला समूहगीत बनविले. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी २०२३ पासून या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला. मात्र या एका गीताच्या प्रभेत त्यांचे इतर कार्य झाकोळले, ही वस्तुस्थिती आहे.

त्यांचे स्वतःचे असे कर्तृत्व मुक्तनाट्यात दिसते. यमराज्यात एक रात्र (१९६०) पासून त्यांनी तमाशाचा गण-गौळणीचा साचा बाजूस ठेवला. वगातील उत्स्फूर्त संवाद, चालू घडामोडींवरील कोपरखळ्या व गाणी तेवढी घेतली. तमाशाला जाण्यास कचरणारा मध्यमवर्ग या प्रयोगांना सहकुटुंब येऊ लागला. राजा मयेकरांसारखा हजरजबाबी नट सोबतीला असल्याने संहितेतील कच्चे दुवे प्रयोगात जाणवत नसत. छापील स्वरूपात ते जाणवतील. मुंबईतील मराठी माणसाच्या व्यथेवरील आंधळं दळतंय हे त्यांचे सर्वांत परिणामकारक लोकनाट्य. शिवसेनेच्या स्थापनेच्या (१९६६) आगेमागे त्याने मोठी खळबळ उडविली. त्यातील उपरोध परप्रांतीयांइतकाच स्वतःच्या उदासीनतेवर पोट भरणाऱ्या मराठी माणसावरही आहे. नंतरच्या राजकीय उपयोगात ही दुसरी धार बोथट झाली.

उत्तरायुष्यात ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाद्वारे त्यांनी गोंधळ, वासुदेव, वाघ्या-मुरळी, कोळीनृत्य इ. प्रकार नागर रंगमंचावर आणले. यावर एक आक्षेप संभवतो. खानदेशातील वहीगायन किंवा देशावरील गोंधळ यांसारखे प्रकार गावाच्या उत्सवाशी व रात्रभराच्या जागरणाशी बांधलेले असतात. ते पाच-दहा मिनिटांच्या नेटक्या नृत्यात बसविले की विधीचा अर्थ उरत नाही, वेशभूषा तेवढी उरते. आक्षेप रास्त आहे. परंतु साबळे स्वतः गाऊ लागले, की भारुडातील थट्टेमागचा विरक्तीचा सूर पुन्हा ऐकू येई. त्यांच्या अनुकरणातून निघालेल्या अनेक कार्यक्रमांना हे साधले नाही. लोकधारेतून अंकुश चौधरी, भरत जाधव यांसारखे नट पुढे आले.

त्यांच्या पत्नी भानुमती या गीतकार. पुत्र देवदत्त साबळे हे संगीतकार. भारत सरकारने १९९८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. माझा पवाडा हे त्यांचे आत्मचरित्र. त्यांच्या जीवनावर नातू केदार शिंदे यांनी महाराष्ट्र शाहीर (२०२३) हा चित्रपट दिग्दर्शित केला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.