स्टेशनपासून किती मिनिटे?

मुंबई आणि पुणे यांच्यात जेमतेम दीडशे किलोमीटरचे अंतर. राज्य एक, भाषा एक, वर्तमानपत्रेही बरीचशी तीच. तरीही मुंबईकर सकाळी लोकलची वेळ गाठण्यासाठी घर सोडतो आणि पुणेकर दुचाकीची किल्ली फिरवतो. या फरकाचे एक स्पष्टीकरण आपल्याकडे फार रुळलेले आहे : पुणेकराचा स्वभावच तसा, त्याला कुणासाठी थांबायला आवडत नाही. दुसरे स्पष्टीकरण अलीकडचे आणि नियोजनाच्या भाषेतले : मुंबई दाट आहे, पुणे विरळ आहे, तेव्हा मेट्रोभोवती पुणे दाट करा, लोक आपोआप मेट्रोत बसतील. पहिली समजूत करमणुकीपुरती चालून जाते. दुसरीवर मात्र सरकारी धोरण उभे आहे आणि त्यातून शहराचा पुढच्या पन्नास वर्षांचा नकाशा ठरणार आहे. म्हणून तिची झडती कडक घ्यायला हवी.

आधी स्वभावाचा मुद्दा. हेच पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पेठांपासून कॅम्पापर्यंत, डेक्कनपासून खडकीपर्यंत सायकलने पोहोचता येई, कारण शहर तेवढेच होते. १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर वस्ती पेठांबाहेर सरकू लागली. पिंपरी-चिंचवडचे कारखाने वाढले, अंतरे सायकलीच्या आवाक्याबाहेर गेली आणि शहर बससेवा त्या वेगाने वाढली नाही. १९७२ साली चेतक आणि लूना या दोन्ही गाड्या बाजारात आल्या, त्या या पोकळीत. माणसे तीच होती. बदलले ते अंतर. आजही पुण्यातला तरुण मुंबईत नोकरीला गेला की महिनाभरात लोकलचा पास काढतो. स्वभाव इतक्या लवकर बदलत असेल, तर त्याला स्वभाव म्हणण्यात अर्थ नाही.

आता घनतेचा मुद्दा. त्याचे मूळ पीटर न्यूमन आणि जेफ्री केनवर्दी यांच्या १९८९च्या अभ्यासात आहे. जगातील ३२ शहरांची दर हेक्टरी लोकसंख्या आणि दरडोई पेट्रोलचा खप त्यांनी एकाच आलेखावर मांडला. एका टोकाला ह्यूस्टनसारखी पसरट अमेरिकी शहरे, दुसऱ्या टोकाला हाँगकाँग आणि मध्ये युरोप. घनता वाढते तसा पेट्रोलचा खप झपाट्याने उतरतो, असे सांगणारी ती वक्ररेषा नगररचनेच्या वर्गांत जगभर दाखवली गेली. त्या ३२ शहरांत भारतातले एकही नव्हते, याची आठवण सहसा कुणी देत नाही. पेट्रोलची किंमत, लोकांचे उत्पन्न, गाड्यांचे आकार या गोष्टी हिशेबात नीट धरलेल्या नाहीत, हा आक्षेप पीटर गॉर्डन आणि हॅरी रिचर्डसन यांनी लगेच घेतला होता. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे होत नाही. हाँगकाँग दाट आहे. पण तिथे गाडी ठेवायला जागा नाही, गाडीवर जबर कर आहे आणि दर काही मिनिटांनी गाडी किंवा बसही आहे. यातल्या कशाचे श्रेय घनतेला द्यायचे?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर २०१० साली रीड यूइंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो यांनी दिले. वेगवेगळ्या संशोधकांच्या पन्नासहून अधिक अभ्यासांतले आकडे त्यांनी एकत्र केले आणि शहराच्या रचनेतला कोणता घटक प्रवासावर किती परिणाम करतो, हे वेगळे काढले. निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. इतर घटक स्थिर धरले तर वस्तीची घनता दहा टक्क्यांनी वाढल्यावर मोटारीचा वापर अर्ध्या टक्क्यानेही घटत नाही. शहराच्या मध्यापासूनचे अंतर दहा टक्क्यांनी घटले, तर तो दोन टक्क्यांच्या आसपास घटतो. बस किंवा रेल्वेच्या वापरावर सर्वाधिक प्रभाव थांब्याच्या जवळिकीचा. त्याखालोखाल, रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, म्हणजे चालत जायला सरळ वाट आहे की मोठा वळसा, याचा. हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले, त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी उचलणे बरोबर नाही. पण घटकांचा क्रम विचार करायला लावणारा आहे. माणूस किती दाटीत राहतो यापेक्षा, हाती असलेल्या वेळात तो कुठे कुठे पोहोचू शकतो, हे अधिक मोलाचे ठरते. मराठीत त्याला साधा शब्द आहे : पोहोच.

या कसोटीवर मुंबई पुन्हा पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा वाटेतल्या बहुतेक उपनगरांच्या जागी खाडी, शेते आणि गावठाणे होती. १९२५ आणि १९२८ साली विजेच्या गाड्या आल्या आणि उपनगरे खऱ्या अर्थाने वाढली ती त्यानंतर. म्हणजे रूळ आधी आणि दाटी नंतर. शहराचा आकारही रेल्वेला सोयीचा : समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये उभी चिंचोळी पट्टी, बराच काळ कामाची ठिकाणे दक्षिणेला एकवटलेली, आणि सगळा प्रवास मुख्यतः उत्तर-दक्षिण. स्टेशने साधारण एक-दोन किलोमीटरवर. बाजार, शाळा, दवाखाने स्टेशनाच्या तोंडाशी येऊन वसले. म्हणून तर मुंबईतल्या घराच्या जाहिरातीत अंतर किलोमीटरमध्ये लिहीत नाहीत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे लिहितात. एमएमआरडीएच्या २००८च्या वाहतूक अभ्यासात महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, असे दिसले होते. लोकलच्या यशामागे हे चालणे आहे.

घनता असून पोहोच नसेल तर काय होते, हेही मुंबईनेच दाखवले. वांद्रे-कुर्ला संकुलात उंच कार्यालये दाटीने उभी राहिली. जागा वांद्रे आणि कुर्ला या दोन गजबजलेल्या स्टेशनांच्या मधोमध. तरीही वर्षानुवर्षे तिथला कर्मचारी स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होता आणि ज्याला परवडे तो मोटार घेऊन येई. भुयारी मेट्रो तिथे पोहोचली ऑक्टोबर २०२४ मध्ये. खाडीपलीकडे नव्या मुंबईतही तेच. सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीला लोकल आली १९९२ साली. मधली दोन दशके इमारती होत्या, आखीव रस्ते होते, पण तिथे राहून मुंबईत नोकरी करणाऱ्याला खाडीपूल ओलांडायला रस्त्याशिवाय पर्याय नव्हता. लोकल आल्यावर वाशीचे रूप कसे पालटले, हे त्या पिढीला आठवत असेल.

पुण्याची रचना अगदी निराळी. रस्ते चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यातून बाहेर जातात : कर्वे रस्ता, सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, नगर रस्ता, जुना मुंबई रस्ता. रेल्वे पेठांना वळसा घालून जाते आणि पुणे-लोणावळा लोकल शहराच्या एकाच बाजूला उपयोगी. नोकऱ्या मात्र आता मध्यात नाहीत. त्या हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्याला, चाकणला गेल्या. कोथरूडहून खराडी, कात्रजहून हिंजवडी अशा आडव्या फेऱ्या हा आजच्या पुण्याचा खरा प्रवास आहे. मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिका, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी, २०२२ ते २०२४ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. त्या चांगल्याच आहेत. पण कोथरूडच्या आतल्या गल्लीत राहणाऱ्याने वनाझला कसे यायचे आणि रामवाडीला उतरल्यावर खराडीची उरलेली वाट कशी कापायची? दोन्ही टोकांना रिक्षा करायची, तर वेळ आणि पैसा यांचा हिशेब दुचाकीच्याच बाजूने लागतो. तो हिशेब करणारा पुणेकर हट्टी नाही. त्याचे गणित बरोबर आहे.

या पार्श्वभूमीवर धोरण काय म्हणते? मेट्रो स्थानकांच्या ५०० मीटर परिघात ४ पर्यंत एफएसआय. त्यामागची कारणे दोन : स्थानकाजवळ लोक वाढतील आणि वाढीव एफएसआयच्या शुल्कातून पैसा उभा राहील. पैशाचे कारण प्रामाणिक आहे, त्यावर मोकळेपणाने चर्चा व्हावी. पण प्रवासी मिळतील, हे कारण वर दिलेल्या संशोधनातून निघत नाही. स्थानकाजवळचा जुना वाडा किंवा चाळ पाडली जाते, तेव्हा तिथे राहणारा माणूस बहुधा चालणारा किंवा बसने जाणारा असतो. त्या जागी येणाऱ्या मनोऱ्याच्या खालचे तीन-चार मजले वाहनतळाचे असतात आणि वरच्या घराची किंमत अशी की घेणाऱ्याकडे मोटार असायचीच. म्हणजे लोकसंख्या वाढली तरी मेट्रोवर अवलंबून असलेली माणसे स्थानकापासून दूर ढकलली जाऊ शकतात. २०१७च्या राष्ट्रीय धोरणात स्थानकांभोवती पार्किंग मर्यादित ठेवायला आणि परवडणाऱ्या घरांना जागा द्यायला सांगितले आहे. त्याच वर्षीच्या मेट्रो धोरणानुसार प्रत्येक स्थानकाचा आवाका किमान पाच किलोमीटरपर्यंत वाढवणारी पूरक सेवा प्रकल्प अहवालातच असावी लागते. आपण या यादीतली एफएसआयची ओळ उचलली आणि बाकीच्या ओळी पुढच्या बैठकीवर ढकलल्या.

घनतेच्या बाजूने एक म्हणणे रास्त आहे. वस्ती फारच विरळ असेल तर दर पाच मिनिटांना बस चालवणे कुठल्याही महापालिकेला परवडणार नाही. पण पुण्याच्या पेठा, येरवडा, हडपसर, कात्रज काही विरळ नाहीत. तिथे आजच प्रवासी आहेत आणि बसची वाट पाहत उभे आहेत. डिसेंबर २००६ मध्ये देशातल्या पहिल्या बीआरटीचा प्रयोग याच शहरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर झाला. थांब्यापर्यंत सुरक्षित पोहोचण्याची सोय, मार्गिकेची शिस्त आणि पुरेशा बस या तिन्ही बाजू लंगड्या राहिल्या. नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा मोठा भाग अलीकडे काढूनही टाकला. गर्दी होती, पोहोच दिली नाही.

आणखी एक उणीव मोजणीतली. प्रवासाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर घरून ऑफिसला जाणारा पुरुष असतो. बाईची फेरी तशी सरळ नसते. मुलाला पाळणाघरात सोडायचे, तिथून कामावर, येताना भाजी, औषधे, मग पुन्हा पाळणाघर. चार घरची धुणीभांडी करणारी बाई तर दिवसात पाच-सहा लहान फेऱ्या करते, बहुतेक पायी. तुटलेला पदपथ, अंधारा भुयारी मार्ग, ओलांडता न येणारा चौक यांचा फटका तिला सर्वांत आधी बसतो. पाचशे मीटरचे वर्तुळ नकाशावर कंपासने काढता येते. पण मध्ये नदी, लष्करी भिंत किंवा कुंपण घातलेली सोसायटी असेल, तर तेच पाचशे मीटर चालताना दीड किलोमीटर होतात. एफएसआय कंपासच्या वर्तुळाप्रमाणे मिळतो, चालावे मात्र रस्त्याने लागते.

म्हणून मागणी साधी आहे. पुण्यात मेट्रोचे पुढचे टप्पे आखले जात आहेत. प्रत्येक स्थानकाच्या प्रस्तावासोबत एक तक्ता जाहीर व्हावा : या स्थानकाभोवतीच्या वस्तीतून पाऊण तासात, चालण्याचा आणि थांबण्याचा वेळ धरून, किती नोकऱ्या, किती शाळा, किती सरकारी दवाखाने गाठता येतात, स्थानक झाल्यावर, पूरक बस धरून, किती गाठता येतील, आणि दुचाकीने किती. वाढीव एफएसआय या तक्त्याशी बांधावा. पदपथ झाला, बस सुरू झाली, आधी तिथे राहणाऱ्यांना त्याच परिघात घर मिळाले, की मगच पुढचा मजला. तक्ता करायला अवघड नाही. बसचे वेळापत्रक, रस्त्यांचा नकाशा आणि प्रभागनिहाय माहिती महापालिकेकडे असतेच. तो सभागृहात मांडला गेला, तर पुणेकराच्या स्वभावाची चर्चा आपल्याला सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवता येईल.