‘कर नाही त्याला डर कशाला?’ : कार्यालयीन संगणक आणि खाजगीपणाविषयीची लोकमते

तंत्रज्ञानाविषयी सुशिक्षित समाजात रोजच्या बोलण्यातून जी मते व्यक्त होतात, त्यांची चिकित्सा सहसा होत नाही. प्राध्यापक-कक्षात, कार्यालयात, रेल्वेच्या डब्यात ती ऐकू येतात आणि तेथेच विरतात. परंतु धोरण कागदावर येण्यापूर्वी याच मतांनी त्याची वाट मोकळी केलेली असते. म्हणून त्यांच्याकडे एखाद्या संहितेप्रमाणे पाहणे अगत्याचे ठरते. हजेरीचे यंत्र, सीसीटीव्ही कॅमेरा किंवा कार्यालयीन संगणकावरील देखरेख यांचा विषय निघाला की मराठी माणसाच्या ओठी येणारी म्हण जवळजवळ ठरलेली आहे : ‘कर नाही त्याला डर कशाला?’ प्रस्तुत लेखात या म्हणीवर उभ्या असलेल्या युक्तिवादाचा विचार केला आहे.

म्हणीतील ‘कर’ म्हणजे दुष्कृत्य. ज्याने ते केले नाही त्याला चौकशीचे भय नसावे, हा तिचा आशय. यात एक गृहीतक दडलेले आहे. न्याय करणाऱ्याला कृत्य दिसते, आणि आपण काय केले हे करणाऱ्यालाही ठाऊक असते, असे ती म्हण धरून चालते. परस्परांना ओळखणाऱ्या गावात हे बऱ्याच अंशी खरे ठरत असेल. संगणकीकृत कार्यालयात मात्र कृत्य आणि न्याय यांच्यामध्ये नोंद येते. वरिष्ठांपुढे जाते ती नोंद, कृत्य नव्हे. अध्यापकाने रात्री घरी बसून तपासलेल्या उत्तरपत्रिका किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात घालवलेला रविवार हजेरीयंत्राच्या लेखी घडलेलाच नसतो. एसटी उशिरा आल्यामुळे झालेला अकरा मिनिटांचा विलंब मात्र कायमचा उरतो. मस्टरवरील सहीतही लबाडी होत असे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मस्टर एवढेच सांगत होते की माणूस आला. यंत्रातील वेळ रजेच्या अर्जाशी, प्रवेशद्वारावरील चित्रणाशी आणि संगणक सुरू केल्याच्या वेळेशी जोडता येते, आणि त्यातून माणसाचे एक चित्र तयार होते. ते चित्र त्या माणसाला दाखवले जाईलच असे नाही.

याहून बोलके उदाहरण ठशांचेच आहे. माती, पाणी, चुना, रसायने यांत राबणाऱ्या बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत. बागेतील माळी, सफाई कर्मचारी, प्रयोगशाळेतील परिचर यांना ‘थंब’ लावण्यासाठी पुन्हापुन्हा हात पुसावे लागतात ते यामुळे. ‘कर’ या शब्दाचा हात हा दुसरा अर्थ येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्याचे हात अधिक राबले त्याचीच हजेरी संशयित ठरते; डर असण्यासाठी त्याने काही वावगे करावे लागत नाही.

विरोधकांचे मतही तपासून घ्यावे लागते. ‘आमचे ठसे मशीनमध्ये छापून ठेवतात’ ही तक्रार बहुतेक वेळा अचूक नसते. सामान्यतः अशी यंत्रे बोटाचे चित्र न ठेवता रेषांचे शेवट व फाटे यांवरून तयार केलेला सांकेतिक साचा साठवतात. तथापि त्यामुळे चिंता निराधार ठरत नाही. फुटलेला पासवर्ड बदलता येतो. बोट बदलता येत नाही. शिवाय हाच कर्मचारी पुष्कळदा आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवतो आणि सहकाऱ्याचे आधार कार्ड व्हॉट्सॲप समूहावर टाकतो. ही विसंगती केवळ निष्काळजीपणाची मानणे उथळपणाचे होईल. तिचे एक मूळ भाषेत आहे.

‘प्रायव्हसी’साठी मराठीत गोपनीयता, खाजगीपणा, व्यक्तिगतता असे पर्याय वापरले जातात. त्यांपैकी पहिल्याने सर्वाधिक घोटाळा केला आहे. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगे. त्यामुळे गोपनीयता मागणारा काहीतरी लपवतो, असा ध्वनी त्या शब्दातच आहे. नोकरदाराच्या अनुभवात तर गोपनीयता कार्यालयाच्या मालकीची राहिली. ‘गोपनीय अहवाल’ त्याच्याविषयी असे, आणि प्रतिकूल शेरे वगळता बरेच काही त्याच्यापासूनच लपलेले असे. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित लोकसेवकाला कळवली पाहिजे असे सांगितले (सैन्यदलांचा अपवाद करून), तेव्हा कुठे हे चित्र पालटू लागले.

खाजगीपणाची कल्पना परकी आहे, हे मतही वारंवार ऐकू येते. जुन्या घराची रचना त्याला दुजोरा देत नाही. ओसरी, माजघर, देवघर असे टप्पे होते आणि कोणी कोठवर यावे हे ठरलेले असे. माजघरात लपवण्यासारखे काही नसे. तेथे धान्य आणि पाळणा आहे हे सर्वांना माहीत होते. तरीही पाहुणा ओसरीवर थांबे. या मर्यादा जातीच्या व स्त्रियांवरील बंधनांच्याही होत्या, त्यामुळे त्यांचा गौरव करता येणार नाही. पण मर्यादा आणि लपवाछपवी या भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख दायित्वांसाठी त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. कायद्याविषयीचे आश्वस्त मत मात्र त्याच्या सातव्या कलमाशी अडखळते. नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभा हे कलम देते. व्यक्तीवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी माहिती वापरायची तर ती अचूक व पूर्ण असावी, हे बंधन कायद्याने मालकावर घातले आहे. परंतु आपली माहिती पाहण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क अकराव्या व बाराव्या कलमांत संमतीशी बांधलेला आहे. जेथे संमती घेतलीच नाही, तेथे चुकीची नोंद दाखवा आणि सुधारा, असे या कलमांच्या आधारे म्हणण्याची सोय कर्मचाऱ्याला उरत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापकांची हजेरी २०२५ मध्ये चेहऱ्यावर आधारित आधार-प्रमाणीकरणाकडे आणि जीपीएस स्थाननोंदीकडे वळली. देव दत्त निर्णयाने कागदी अहवालातील शेऱ्याला जे लागू केले, ते या नोंदींना कोणत्या नियमाने लागू होईल, हे त्या अध्यापकांनी आपल्या आस्थापना विभागाला लेखी विचारण्याजोगे आहे.