नळीवरचे नाव आणि सांध्यातला हात

जुन्या, हाताने बांधलेल्या पोलादी सायकल-फ्रेमविषयी जे लेखन होते, त्यातले बरेचसे गौरवपर असते. नक्षीदार सांधे, गडद रंग, सोनेरी रेघा यांचे वर्णन येते, एखाद्या शर्यतपटूचे नाव येते आणि शेवटी ‘आता असे कारागीर राहिले नाहीत’ हा निःश्वास. या लेखनात एक प्रश्न राहून जातो, असे मला वाटते. ज्या फ्रेमला आपण कलाकृती म्हणतो, तिचा कर्ता कोण? नळीवर ज्याचे नाव आहे तो, की ज्याने ती जोडली तो? अभंगाच्या शेवटी नाममुद्रा आहे एवढ्यावर तो त्या संताचा ठरत नाही, हे आपल्याकडच्या पाठचिकित्सेने केव्हाच शिकवले आहे. तीच शिस्त मी इथे लावून पाहणार आहे.

आधी ही वस्तू बनते कशी ते पाहू. जिथे दोन पातळ नळ्या मिळतात, तिथे टोपणासारखा एक पोलादी तुकडा बसवतात. त्याला लग म्हणतात. नळीचे तोंड कानशीने घासून जुळवायचे, टाकणखारासारखे द्रव्य लावायचे, गॅसच्या ज्योतीने सांधा लालभडक तापवायचा आणि पितळेची काडी टेकवायची. साधारण ९०० अंश सेल्सिअसला पितळ वितळते. पोलाद वितळत नाही. वितळलेले पितळ लग आणि नळी यांमधल्या बारीक फटीत आपोआप ओढले जाते. उष्णता कमी पडली तर ते अर्ध्यावर थांबते, जास्त झाली तर पोलादाचा कस जातो. कारागिराला दिसते ती फक्त लगच्या कडेला उमटणारी पितळी रेघ. आत काय झाले, हे त्याला त्या रेघेवरून आणि तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखावे लागते.

नळीतही असेच न दिसणारे काम असते. मुळात खिळे बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कारखान्याने १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. बाहेरून ती सगळीकडे सारखीच दिसते. १९३५ मध्ये त्यांची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ नळी आली. मिलानच्या कोलंबस कंपनीच्या ‘एसएल’ नळीची भिंत टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर असे. सांध्यापाशी ज्योत आणि ताण दोन्ही सोसायचे, म्हणून तिथे जाडी. बाकी ठिकाणी वजनाची बचत. या फ्रेमची गुणवत्ता अशी बरीचशी आत दडलेली असते. रसिकाची नजर मात्र बाहेरच्या नक्षीवर आणि नावावर थांबते.

आता नावांकडे येऊ. लंडनच्या टॉटनहॅम भागातल्या ‘हेचिन्स’ सायकली त्यांच्या नागमोडी मागच्या चिमट्यामुळे लांबूनही ओळखू येत. या वळणांमुळे हादरे कमी बसतात, असा दावा होता. त्यांचे लग तर जाळीदार दागिन्यासारखे कोरलेले. संग्राहक या कामाला सहज ‘हेचिनची कला’ म्हणतात. पण हायमन हेचिन हे दुकानाचे मालक होते. फ्रेम घडवण्याची बाजू जॅक डेनी या कारागिराची होती. नाव पेढीचे, हात दुसऱ्याचे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्यासाठीची जेमतेम पावणेसहा किलोची सायकल इटलीतल्या कांबियागो गावच्या एर्नेस्तो कोलनागो यांनी तयार केली होती. नळीवर मात्र ‘विंडसर’ हे एका मेक्सिकन उत्पादकाचे नाव होते. त्या काळच्या शर्यतींत असे सर्रास चाले. पैसा देणाऱ्याचे नाव नळीवर यायचे. फ्रेम एखाद्या विश्वासातल्या कारागिराकडून गुपचूप बांधून घेतली जायची.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कार्यशाळेच्या प्रमुखाचे नाव लावण्यात गैर काय? पॅरिसजवळच्या लव्हाल्वा-पेरे इथल्या रने एर्स यांनी विमान उद्योगात काम केले होते. सायकलीची क्रँक, हँडलची दांडी असे भागही ते स्वतः रचत. त्यांच्या कार्यशाळेतला प्रत्येक सांधा त्यांनी स्वतः झाळला नसेल, तरी ती सायकल त्यांच्याच कल्पनेची होती. इथे नाव खोटे नाही. म्हणून मी तीन प्रकारची नावे वेगळी धरतो: विकणाऱ्याचे, पैसा देणाऱ्याचे आणि योजणाऱ्याचे. तिन्ही नळीवर एकाच जागी, एकाच थाटात लिहिली जातात, आणि घोटाळा तिथेच होतो. जोडणाऱ्याच्या नावाला तर या तिन्हींत जागाच नसते.

मग जोडणारा ओळखायचा कसा? मला संगीतातल्या घराण्याची कल्पना इथे उपयोगी वाटते. योशिआकी नागासावा हा जपानी तरुण इटलीत जाऊन उगो दे रोसा यांच्या हाताखाली शिकला आणि परत जाऊन स्वतःच्या नावाने फ्रेम बांधू लागला. त्याच्या फ्रेमवर कोइची नाकानो याने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे स्प्रिंटचे विश्वविजेतेपद मिळवले. मागच्या चिमट्याची टोके आसनाच्या नळीला कशी भिडवली आहेत, लगची कड कानशीने किती पातळ केली आहे, अशा खुणांतून शिकवणूक पुढे जाते. गायकाने नाव न सांगताही स्वर लावण्यावरून तालीम कळावी, तसे हे आहे.

पण या खुणा टिकल्या तरच वाचता येतात. जुन्या फ्रेमचे ‘नूतनीकरण’ करताना वाळूच्या माऱ्याने मूळ रंग उडवतात, कानशीचे चरे घासून काढतात, वर रंगाचा जाड थर देतात आणि नावाची नवी पट्टी डकवतात. नाव ठळक होते, हात पुसला जातो. हस्तलिखिताची समासातली टिपणे खोडून त्याला सोनेरी बांधणी करावी, तसा हा प्रकार आहे. गंजलेल्या, चट्टे पडलेल्या फ्रेमची किंमत कमी धरणारा बाजार अशा रीतीने पुरावाच नष्ट करायला बक्षीस देतो.

या साऱ्याशी आपला संबंध अगदीच दूरचा नाही. रेनॉल्ड्स १९२८ पासून ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स समूहात होती, त्याच समूहाच्या सहकार्याने १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली. आपल्या गावोगावच्या काळ्या सायकली कारखान्यात घाऊक बनत, तरी त्यांच्या फ्रेमलाही लगचेच सांधे असत. दुधाचे कॅन, गॅसच्या टाक्या, तिघांचे कुटुंब वाहून ती फ्रेम सांध्यापाशी तडकली, की कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला ती पितळेने जोडून द्यायचा आणि ती पुढे कित्येक वर्षे चालायची. मिलानच्या कारागिराची सफाई त्या कामात नव्हती, पण उष्णतेचा अंदाज तोच होता.

ही फ्रेम आज कुणी जपायला घेतली, तर तो ओबडधोबड पितळी जोड आधी घासून सपाट केला जाईल, कारण तो कंपनीचा नाही. माझ्या मते त्या फ्रेमवर एका विशिष्ट माणसाच्या हाताची खूण सांगणारी तेवढी एकच जागा असते. ती तशीच ठेवावी.