हवा किती पौंड?

थंडीतल्या एका सकाळी आम्ही बारामतीत मोटारीच्या चाकांत हवा भरून घेतली. गेजने ३० पौंड दाखवले. भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला पोचलो आणि तिथे सहज हवा तपासली, तर काटा ३४ वर! बारामतीचे गेज खोटे, असा निकाल देऊन आम्ही ४ पौंड हवा सोडायला लावली. दुसऱ्या दिवशी पहाटे बारामतीच्या त्याच गेजवर पाहिले, तर हवा २६ आणि २७ च्या मध्ये. म्हणजे चूक गेजची नव्हती, आमची होती.

हिशेब सोपा आहे. पळताना टायर वारंवार दबतो आणि तापतो. आतली हवा २० अंशांवरून ४५ अंश सेल्सिअसवर गेली असे धरू. वायूचा नियम लावताना तापमान केल्विनमध्ये घ्यायचे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात असते; दाबाचे मात्र विसरते. गेज दाखवते तो वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की एकूण दाब ४४.७. त्याला ३१८/२९३ ने गुणले की ४८.५ येतात, १४.७ वजा केले की उरतात जवळजवळ ३४. नुसत्या ३० ला गुणले असते तर ३२.६ आले असते आणि निर्दोष गेजवर दीड पौंडाचा आळ आला असता. तापलेल्या टायरमधून हवा सोडली की थंड झाल्यावर ती कमी भरते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि भरधाव वेगात फुटू शकतो. म्हणून हवा मोजायची ती गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना.

आता गेजकडे वळू. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पेनसारख्या गेजमध्ये दट्ट्या आणि स्प्रिंग असते. ते स्वस्त आणि दणकट, पण पट्टीवरच्या खुणा दाट आणि दट्ट्याचे घर्षण आड येते. तबकडीच्या गेजमध्ये बहुधा वाकवलेली चपटी धातूची नळी असते. दाब वाढला की ती उलगडू पाहते व काटा फिरवते. यूजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. वाचायला हे गेज उत्तम, पण एकदा जोरात आपटले की त्याची खात्री राहत नाही. तिसरे अंकांचे, म्हणजे डिजिटल. ते ३०.४ असे दाखवते आणि त्या दशांशावर आपण भाळतो. बारीक दाखवणे आणि बरोबर दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन पौंड चुकणारे गेजही दशांशापर्यंत आकडा दाखवू शकते.

खोक्यावरचा ‘अचूकता २ टक्के’ हा शब्दही तपासून घ्यावा. तबकडीच्या गेजमध्ये ही टक्केवारी बहुधा पूर्ण पट्टीची असते. १०० पौंडांच्या पट्टीवर २ टक्के म्हणजे कुठेही २ पौंड. मोटारीच्या ३० पौंडांत ही चूक सुमारे ७ टक्के होते, तर उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात १४ पौंड हवा असेल तर १४ टक्के! म्हणून ट्रकचे गेज ट्रॅक्टरला वापरू नये. नेहमीचा दाब पट्टीच्या मधल्या भागात येईल असे गेज घ्यावे. तुलनेसाठी एक माप सांगतो: आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या शिफारस क्र. २३ मध्ये ४ बारपर्यंत ०.०८ बार, म्हणजे सुमारे १.२ पौंड चूक चालते.

विकत घेताना दुकानातच एका चाकावर पाच वेळा माप घ्यावे. दर वेळी थोडी हवा निसटते, त्यामुळे आकडा किंचित उतरेल. पण तो वरखाली उड्या मारू लागला तर गेज परत करावे. मात्र पाचही आकडे सारखे आले म्हणून ते खरे ठरत नाहीत; घड्याळ रोज पाच मिनिटे पुढे असू शकते. खरेपणा कळतो तो प्रमाणपत्र असलेल्या गेजशी ताडून पाहिल्यावरच. अंकांची संख्या, किंमत किंवा चकचकीत खोके यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही.

वर्गातही हा प्रयोग होण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी घरची गेजे आणावीत, एकाच थंड टायरवर लावावीत आणि आकडे फळ्यावर मांडावेत. आकडे जुळणार नाहीत, तेव्हा खरा धडा सुरू होईल. ‘पौंड’ हे तर वजनाचे माप, मग दाब पौंडांत कसा, हेही कोणीतरी विचारील. त्याला ‘दर चौरस इंचावर’ हे गाळलेले शब्द सांगावेत आणि ३० पौंड म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल हे त्यानेच काढावे. पुस्तकातला पास्कल आणि पंक्चरवाल्याचा पौंड यांची ओळख शाळेत झाली, तर आम्ही इंदापुरात केलेली चूक त्यांच्या हातून होणार नाही.