सक्तीचा प्रेक्षक आणि सापडलेला अनुबोधपट

एखादा लघु अनुबोधपट आंतरजालावर ‘सापडला’ असे आपण म्हणतो, त्या ‘सापडणे’ या क्रियापदाची थोडी चिकित्सा करायला हवी. ग्रंथालयातल्या पुस्तकाला वर्गीकरणाचा शेजार असतो. यूट्यूबवर आपल्यापुढे येणारा पट आपण यापूर्वी जे पाहिले त्याच्याशी असलेल्या साम्यामुळे पुढे केला जातो. म्हणजे तो सापडण्याआधीच आपल्या अभिरुचीने निवडलेला असतो, आणि तरीही त्याची भेट आपल्याला आकस्मिक वाटते. फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या लघुपटांबाबत तर हा प्रश्न केवळ ग्रहणाचा राहत नाही, तो अर्थनिर्णयाचा होतो.

१९४८ साली स्थापन झालेली ही सरकारी संस्था २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचे बरेच पट आज घरबसल्या पाहता येतात. मूळ व्यवस्था मात्र सक्तीची होती. परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य चित्रपटाबरोबर मान्यताप्राप्त लघुपट दाखवावा लागे आणि त्याचे भाडेही मोजावे लागे. ही अट वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. वृत्तपट असो वा अनुबोधपट, प्रेक्षकाच्या लेखी दोन्ही ‘न्यूजरीळ’च, ते संपेपर्यंत बाहेर चहा घ्यावा, हा अनेकांचा शिरस्ता होता.

अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेले असणे हे एक आहे. मुख्य चित्रपटासाठी पैसे मोजून आलेला आणि अनुबोधपट संपण्याची वाट पाहणारा प्रेक्षक हा या विघ्नाचा मूर्तिमंत नमुना म्हणता येईल. आजचा आंतरजालावरील प्रेक्षक नेमका याच्या उलट आहे. तो राजीखुशीने आलेला आहे, पण कोणत्याही क्षणी निघून जायला मोकळा आहे. पहिला अनिच्छुक पण बांधलेला, दुसरा इच्छुक पण सुटा. एकच संहिता या दोघांपुढे एकच राहते काय?

प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) पाहावा. अवघ्या काही मिनिटांचा हा पट. निवेदन नाही. बेभान नाचणारी तरुण मंडळी, प्रयोगशाळेतील उपकरणे, धार्मिक चिन्हे यांच्या प्रतिमा अतिशय वेगाने एकमेकींवर आदळतात. घरी, पडद्याजवळ बसून पाहणाऱ्याला यात आधुनिकतावादी प्रयोग दिसतो, तो आहेच. परंतु इझर ज्याला संहितेत गृहीत धरलेला वाचक म्हणतो, तसा प्रेक्षक इथे शोधला तर वेगळे काही हाती लागते. इतका आघाती वेग लक्ष देऊन बसलेल्याला लागत नाही. तो दुर्लक्ष करू पाहणाऱ्याला उद्देशून असतो. निवेदकाच्या उपदेशाला सरावलेल्या कानाला निवेदनाचा अभाव हाच पहिला धक्का असणार. ज्याने तो उपदेश कधी ऐकलाच नाही त्याला या अभावाची जाणीव कोठून व्हावी?

एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’ (१९६७) या पटाची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना देश, भविष्य, आकांक्षा यांविषयी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे एवढाच त्याचा ऐवज. उमेद आणि वैफल्य यांचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवलेले आहेत. देशाविषयी आपल्याला प्रेम वाटत नाही, असे एक तरुण सरळ सांगतो, आणि त्याचे म्हणणे खोडून काढायला कोणी निवेदक पुढे येत नाही. सरकारी पैशाने काढलेल्या पटात हे उद्गार राहू दिले गेले, याचे आश्चर्य वाटून आजचा प्रेक्षक या पटाला बंडखोर ठरवतो.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. सुटा पाहिला की कोणताही पट स्वायत्त कलाकृती भासू लागतो, आणि त्याची स्वायत्तता आपण चटकन विद्रोह म्हणून वाचतो. त्याच सुमारास, जाँ भावनगरी सल्लागार असताना, के. एस. चारी यांचा ‘फेस टू फेस’ (१९६७) आणि सुखदेव यांचा ‘इंडिया ६७’ हेही पट याच संस्थेतून निघाले. म्हणजे नागरिकाला स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावे, ही काही काळ संस्थेचीच भूमिका होती. तक्रार ऐकून घेणारे राज्य ही राज्याची एक प्रतिमाच असते. तरीही शास्त्रींचा पट या प्रतिमेत पुरता मावत नाही, आणि तो का मावत नाही हे संकलनात शोधावे लागते. दोन परस्परविरोधी उत्तरांमधील कापाची जबाबदारी कोणा एका बोलणाऱ्यावर टाकता येत नाही. उपरोध असलाच तर तो या कापात आहे. घोषणांनी भरलेल्या इतर लघुपटांच्या रांगेत हा काप अधिक बोचला असता. एकट्याने पाहताना त्याची धार कमी होऊन त्या तरुणांच्या भाबडेपणाविषयीचे हळवेपण वर येते. हे स्मरणरंजन विद्रोहाच्या वाचनाइतकेच फसवे आहे.

आणखी एक अडचण आपल्याकडे फारशी कोणी मांडलेली दिसत नाही. फिल्म्स डिव्हिजनचे पट मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढले जात. आंतरजालावर पुष्कळदा त्यांतला इंग्रजी वा हिंदी पाठच हाती येतो आणि तोच मूळ म्हणून उद्धृत होतो. ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करण्याचे काम एकनाथांनी शके १५०६ मध्ये केले, त्या परंपरेतल्या अभ्यासकाला ही बेफिकिरी खटकायला हवी. सातारा किंवा अकोल्याच्या चित्रपटगृहात जे ऐकू आले ते निवेदन वेगळ्या शब्दांचे, वेगळ्या आवाजाचे, कदाचित वेगळ्या अधिकारवाणीचे होते. मणी कौल यांच्या ‘अरायव्हल’सारख्या (१९८०) पटात, जिथे मुंबईत येऊन पडणारा माल आणि माणसे निवेदनाशिवाय दाखवली आहेत, तिथे हा पाठभेद उद्भवत नाही. पण निवेदन असलेला पट हाती आला की तो कोणत्या भाषेतला पाठ आहे, ही नोंद अन्वयार्थाच्या आधी व्हायला हवी. ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’मध्ये तर बोलणारे स्वतःच्याच तोंडाने बोलतात, त्यांच्या बोलण्याचे मराठी रूपांतर पडद्यावर कसे ऐकवले गेले, यावर त्या कापातील उपरोध टिकला की विरला हे ठरते.