चार बाय सहा इंचाचं मौन

आधी गावाचा खुलासा. माझं आंबवडे भोर तालुक्यातलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, ते रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. दोन अक्षरांची अदलाबदल, पण सभेत गाव सांगितलं की पोरं उगाच आदरानं बघतात. आमच्याकडं संस्थानच्या काळातला, 1936 सालचा झुलता पूल आहे. लोक त्याचा फोटो काढून नेतात. फोटोत पूल दिसतो, पण झुलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

गिरणीतल्या एका दोस्तानं मुंबईहून मला एक चित्रकार्ड आणलं. चार बाय सहा इंच. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्राची छपाई. पिवळसर रंग, मधे काळपट खुणा. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. मागच्या बाजूला चित्रकाराचं नाव, साल, तैलरंग. चित्राला शीर्षकसुद्धा नाही.

अभ्यासवर्गात कार्ड फिरवलं. एक साथी भडकला. म्हणाला, "यात भूक कुठाय? जात कुठाय? पोट भरलेल्यांचे चाळे हे. फेकून दे." सगळे हसले. मीबी हसलो. पण कार्ड फेकलं नाही. रात्रपाळीला खिशात घालून नेलं.

विणाई खात्यात कापडाचे धागे मोजायचं भिंग असतं. इंचात उभे किती, आडवे किती, ते त्यातून बघायचं. ते भिंग कार्डावर ठेवलं आणि चित्र गायब! नुसते ठिपके. निळे, गुलाबी, पिवळे, काळे. गायतोंडे रोलरनं रंग चढवायचे, सुरीनं खरवडायचे, परत चढवायचे. थरावर थर. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. त्या थरांतून येणारा उजेड या ठिपक्यांत येणार कुठून? म्हंजे अभ्यासवर्गात आम्ही ज्याला शिव्या दिल्या ते चित्र नव्हतंच. छापखान्याची शाई होती.

कुणी म्हणेल, तुझ्या घरातली बाबासाहेबांची तसबीर तरी काय, छपाईच ना? बरोबर. पण त्या तसबिरीतल्या कोटाचा निळा रंग उडाला तरी माणूस उडत नाही. तिथं कोण आहे ते महत्त्वाचं. गायतोंड्यांच्या चित्रात 'कोण' नाहीच. जे आहे ते रंगाच्या अंगातच आहे, आणि छपाईत नेमकं तेच मरतं. म्हणून अमूर्त चित्राचं कार्ड सगळ्यात फसवं. (त्यांना स्वतःला 'अमूर्त' हा शब्द पटत नव्हता, ही गोष्ट वेगळी.)

मग मूळ चित्र कुणाकडं? 2015 च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र 29 कोटींच्या वर गेलं. गायतोंडे 2001 सालीच वारले होते. मूळ त्यांच्या भिंतीवर, ठिपके आमच्या खिशात. ही वाटणी आपल्याला नवी नाही.

आता अवघड मुद्दा. गायतोंडे जन्मले 1924 साली, नागपुरात. पुढं झेन बौद्ध विचारानं त्यांना ओढलं. त्याच नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांबरोबर लाखोंनी दीक्षा घेतली, 22 प्रतिज्ञा तोंडानं म्हटल्या. एक बुद्ध गप्प बसायला शिकवतो, एक तोंड उघडायला. मी दुसऱ्याचा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं, त्यांना मौनाचं कौतुक कुणी ऐकवू नये.

पण मित्रांनो, गप्प बसवणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. ज्यानं तोंड उघडायचा हक्क मिळवला, त्याला ते मिटायचाही हक्क आहे. मागं मी भाताच्या खाचरात पडणाऱ्या पावसावर एक कविता पाठवली. संपादकानं परत केली. शेरा होता, 'यात दलित जाणीव नाही.' म्हंजे मी जखम उघडी करून दाखवली तरच कवी. पाऊस दुसऱ्यांच्या मालकीचा. आमचा साथी कार्डाला जे म्हणाला, तेच तो संपादक मला म्हणाला. दोघांनीही वेशीबाहेरची जागा आखून दिली, एकानं वरून, एकानं आतून.

सुट्टीत कार्ड आईला दाखवलं. तिनं हातात घेऊन बघितलं अन् म्हणाली, "जमीन सारवल्यावर अर्धी वाळली की अशीच दिसती." झालं. तिला शीर्षक लागलं नाही. भूक कुठाय, हेही तिनं विचारलं नाही. जन्मभर भूक बघितलेली बाई ती.

माझा निकाल असा. कार्ड खोटं आहे. चित्र खरं की खोटं, ते मला अजून ठाऊक नाही, कारण मी ते बघितलेलं नाही. 20 मार्च 1927 ला आपली माणसं चवदार तळ्यावर चालत गेली. तळ्याचा फोटो घरी आणून तहान भागली असती, तर महाडला जायचं काही कारण नव्हतं.

मुंबईत काळ्या घोड्याजवळ, कावसजी जहांगीर हॉलच्या इमारतीत, 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. पुढच्या पगाराला चला. त्या साथीलाही घेऊ. मूळ चित्रांसमोर उभं राहू, पाय दुखेपर्यंत. मग शिव्या द्याव्या वाटल्या तर देऊ, पण बघून देऊ.

जयभीम.