निवेदन दिलं, पण प्रस्ताव कुठे होता?

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मित्र-मैत्रिणींनो, पेपर वाचताना आपण तीन गोष्टी बघतो: दावा काय, पुरावा काय आणि पद्धत कोणती. आज त्याच नजरेने विद्यार्थ्यांचं एक निवेदन वाचू. कागद आमचाच आहे, त्यामुळे टीकाही आमच्यावरच.

झालं असं, की लॅबमधल्या एका ताईने शोधप्रबंध जमा केला आणि मौखिकी व्हायला अकरा महिने गेले. दरम्यान सहायक प्राध्यापकाच्या दोन जाहिराती येऊन गेल्या. तिच्याकडे नेट-सेट नव्हतं, पदवीही हातात नाही, त्यामुळे अर्जच करता आला नाही. आम्ही पंधरा-वीस जण कार्यालयात गेलो, निवेदन दिलं, पोच घेतली, फोटो ग्रुपवर टाकला. पुढे काहीच झालं नाही.

‘दिरंगाई थांबवावी, न्याय द्यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडू’ एवढाच त्याचा मजकूर. हा पेपर माझ्याकडे परीक्षणाला आला असता तर मी परत पाठवला असता. का ते बघा.

पहिली गोष्ट, नियमच दिलेला नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्रबंध जमा झाल्यापासून मौखिकीच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. हे वाक्य आमच्या निवेदनात नव्हतं. जे नियमानेच मिळायला हवं होतं, ते आम्ही हात जोडून मागत होतो.

दुसरी, आकडा नाही. एका ताईचा अनुभव खरा, पण एन बरोबर एक! परीक्षकांची संमती, प्रबंध पाठवणं, अहवाल येणं, मौखिकीची तारीख ठरणं, यातल्या कोणत्या टप्प्यावर किती दिवस जातात? माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकला तर ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. संशोधक म्हणवणाऱ्या आम्हाला हे सुचलं नाही.

तिसरी, पत्ता चुकला. कार्यालय नियम राबवतं. नियमात बदल हवा असेल तर विषय विद्यापरिषदेत किंवा अधिसभेत जायला हवा.

आणि इथे आमच्याइतकाच दोष व्यवस्थेचाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी परिषद आहे आणि तिच्या अध्यक्षाला अधिसभेत जागा आहे. १९९४ च्या कायद्याने वर्गात पहिला येणाऱ्याला प्रतिनिधी केलं होतं, नव्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली. कागदावर उत्तम. पण २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीमुळे या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, मग कोविड आला आणि त्यानंतरची वर्षंही तशीच गेली. पद्धत लिहिली, प्रयोग केलाच नाही. त्यात लिंगडोह समितीने संशोधक उमेदवारासाठी कमाल वय २८ ठेवलेलं. आपल्या मराठवाड्यात नोकरी करत, नेट-सेटचे दोन-तीन प्रयत्न करत पीएच.डी.ला येणारा कितीदा तिशीच्या जवळ असतो! ज्याला प्रश्न सर्वात जास्त कळतो, तोच बाहेर.

मग परिषद नाही म्हणून थांबायचं का? नाही. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निवडून आलेले प्रतिनिधी असतात. तुम्ही त्याच विद्यापीठाचे पदवीधर असाल तर मतदार म्हणून नोंदणी करा आणि या प्रतिनिधींकडे निवेदन नाही, प्रस्ताव घेऊन जा. तो एका पानाचाच असू द्या: नियम काय सांगतो, प्रत्यक्षात किती दिवस लागतात, नेमका बदल कोणता आणि तो कोणी करायचा. उदाहरणार्थ, ‘प्रत्येक प्रबंध कोणत्या टप्प्यावर आहे ते तारखेसह संकेतस्थळावर दिसावं.’ अशा वाक्यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ‘न्याय द्यावा’ला सगळेच हो म्हणतात आणि फाइल बंद होते.

एक इशाराही देतो. ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. हे आपल्या शहराला वेगळं सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत लोकांनी घरं गमावली, जीव गमावले, तरी मागणी सोडली नाही. आपला विषय त्यापुढे फार लहान आहे. पण पाठपुरावा म्हणजे काय, हे त्या गेटमधून रोज जाणाऱ्यांनी तरी विसरू नये.

ताईची मौखिकी झाली, पदवी मिळाली. त्या दोन जागा मात्र भरल्या गेल्या. तुम्ही पीएच.डी.ला प्रवेश घ्याल, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपल्या विद्यापीठाची नियमावली डाउनलोड करा आणि साहित्याचा आढावा घेता तशी, पेन्सिल हातात घेऊन वाचा.